टोपीवरचा मुकुट

मागच्या वर्षी आपल्या समाजाच्या सभागृहात जुन्या फोटोंचे लहानसे प्रदर्शन भरले होते. अलिबाग, पेण, रोहा, ठाणे, भायखळा, माझगाव, जिथून जिथून आपण आलो तिथले फोटो लोकांनी घरून आणून दिले होते. मीही एक दिला होता. माझ्या मोठ्या काकांचा, हवाई दलाच्या पूर्ण गणवेशातला, मुंबईच्या एका स्टुडिओत काढलेला. खाली चिठ्ठी मीच लिहिली: "भारतीय हवाई दल, १९५१." साल मी मनाने घातले नव्हते. फोटोच्या पाठीवर काकूंच्या हाताने पेन्सिलीने तेच लिहिलेले होते.

प्रदर्शन पाहायला माझा नातू आला होता. तो सध्या इथल्या हवाई दलात आहे, म्हणून त्याला बिल्ले वाचायची सवय. काचेला नाक लावून त्याने फोटो पाहिला आणि मला विचारले, "सबा, टोपीवर केतेर कसा? राजाचा मुकुट? भारतात तेव्हा राजा होता का?" मी म्हटले, नव्हता. १९५० च्या २६ जानेवारीला भारत प्रजासत्ताक झाला. "मग १९५१ मध्ये मुकुट कसा?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

एवढ्यावर थांबले असते तर मी चिठ्ठी बदलून गप्प बसलो असतो. पण शेजारी आमच्याच ओळखीचे एक गृहस्थ उभे होते. ते हसून म्हणाले, "अहो, तुमचे काका लढाई संपल्यावर १९४६ लाच सुटून आले होते. नंतर जुना ड्रेस चढवून फोटो काढला असेल. तेव्हा लग्नाच्या मुलांना तशी हौस असायची." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. परंतु आमच्या घरात लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की काका दोनदा हवाई दलात गेले, एकदा इंग्रजांच्या वेळी आणि पुन्हा स्वराज्यात, काश्मीरच्या लढाईच्या वेळी. त्या दुसऱ्या नोकरीचे कागद आलियाच्या धांदलीत कुठे गेले कोणास ठाऊक. पहिल्या सुटकेचा दाखला तेवढा आहे. म्हणजे त्या फोटोवरच काकांची अर्धी नोकरी उभी होती, आणि तो फोटो खोटा ठरत होता. शिवाय नोकरीत नसताना, आपण शिपाई आहोत असे लोकांना वाटावे म्हणून शिपायाचा पोशाख घालणे हा भारतात गुन्हाच होता. दंडसंहितेचे १४० वे कलम, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. काका असे करतील हे मला पटेना.

तेव्हा मी फोटो घरी आणला, भिंग घेतले, आणि काही महिने याच कामात घालवले. त्यातून जे हाती आले ते सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे फोटो आहेत, त्यांनाही उपयोगी पडेल.

लष्करी पोशाख आपल्या लोकांना नवा नाही. दिवेकरांनी मुंबईत १७९६ मध्ये आपले पहिले सिनेगॉग बांधले, तेही कंपनीच्या फौजेतले अधिकारी आणि टिपूच्या कैदेतून परत आलेले. त्यांच्यानंतर मुंबईच्या पलटणींत कित्येक सुभेदार आणि सुभेदार-मेजर आपले होते. पण हवाई दल ही फार अलीकडची गोष्ट. इंग्लंडचे रॉयल एअर फोर्स १ एप्रिल १९१८ रोजी निघाले, लष्कराचे विमानदल आणि आरमाराचे विमानदल एकत्र करून. पहिल्या काही वर्षांत लोक आपले जुने कपडे झिजेपर्यंत वापरत, त्यामुळे एकाच तळावर एक खाकीत तर दुसरा आरमारी निळ्यात दिसे. नव्या दलासाठी आधी एक फिकट आकाशी रंग निवडला होता. तो रशियाच्या झारच्या घोडेस्वारांसाठी विणलेल्या आणि पडून राहिलेल्या कापडाचा, अशी एक दंतकथा सांगतात. खरे खोटे देव जाणे, पण तो रंग कोणालाच आवडला नाही, आणि १९१९ मध्ये आज आपण ओळखतो तो करडा-निळा आला.

भारताचे हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ चे. पहिली तुकडी १९३३ च्या एप्रिलमध्ये कराचीला उभी राहिली, चार वापिटी विमाने घेऊन. विमानांची देखभाल करणाऱ्यांना तेव्हा "हवाई सिपाही" म्हणत. पोशाख, दर्जे, बिल्ले सगळे इंग्रजांच्या साच्यातले. दुसऱ्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल मार्च १९४५ मध्ये नावामागे "रॉयल" लागले आणि २६ जानेवारी १९५० रोजी ते गेले. त्याबरोबरच मुकुट गेला आणि त्या जागी अशोकाचे सिंह आले.

गणवेशावर मुकुट एकाच जागी नसे. टोपीच्या बिल्ल्यावर असे, पितळी बटणांवर असे, आणि फ्लाइट सार्जंट असेल तर बाहीवरच्या तीन पट्ट्यांच्या वरही असे. आमच्या फोटोत टोपीवरचा मुकुट स्वच्छ दिसतो. बटणांवर भिंगातून एक ठिपका दिसतो, तोही मुकुटच. बाहीवर तीन पट्टे आहेत, पण त्यांच्यावर काही नाही. म्हणजे फोटोतले काका सार्जंट आहेत.

आता ज्या माणसाने नोकरी सोडली आणि दोन वर्षांनी परत धरली, त्याने अंगावर काय लावायचे? हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. मला समजले ते असे. काही खुणा जागेच्या असतात आणि काही माणसाच्या. दर्जा, तुकडीचे चिन्ह, नेमणुकीचा बिल्ला हे जागेचे. नोकरी सुटली की ते सुटतात, आणि परत येणाऱ्याला जो दर्जा नव्याने देतील तोच लावायचा. पूर्वी सार्जंट होतो म्हणून तीन पट्टे लावून दारात उभे राहता येत नाही. पण लढाईचे रिबन माणसाचे. ते एकदा मिळाले की मरेपर्यंत त्याचे. विमान चालवण्याचे किंवा विमानातल्या कामाचे बिल्ले बहुतेक माणसाचेच धरतात. इंग्लिश हवाई दलात पूर्वी ऑब्झर्व्हरचा एका पंखाचा बिल्ला असे, "ओ" अक्षराचा. १९४२ मध्ये त्याऐवजी नॅव्हिगेटरचा "एन" आला. पण ज्यांनी "ओ" कमावला होता त्यांना तो ठेवू दिला, आणि ते तो मोठ्या दिमाखात लावत. उलट पाथफाइंडर दलाच्या वैमानिकांचा सोनेरी गरुड शत्रूच्या मुलखावर जाताना उतरवून ठेवावा लागे, पकडले गेले तर ओळख पटू नये म्हणून.

परत भरती होणाऱ्यांत आपल्या ज्यू लोकांना अभिमान वाटावा असे एक गृहस्थ होऊन गेले, लायोनेल कोहेन. पहिल्या महायुद्धात त्यांनी डी.एस.ओ. आणि मिलिटरी क्रॉस मिळवला होता. दुसरे युद्ध सुरू झाले तेव्हा ते साठी ओलांडलेले. तरी ते हवाई दलाच्या राखीव दलात शिरले, एअर गनर म्हणून विमानांतून फिरले, आणि १९४४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांना डी.एफ.सी. मिळाला. राखीव दलाच्या अधिकाऱ्यांना कोटाच्या कॉलरवर "व्ही आर" ही पितळी अक्षरे लावावी लागत. म्हणजे छातीवर जुन्या लढायांची रिबने आणि कॉलरवर नवशिक्याची अक्षरे. नातवंडांच्या वयाचे वैमानिक त्यांच्याकडे कसे पाहत असतील याची मला फार गंमत वाटते.

काकांची गोष्ट एवढी थोर नाही. ते फिटर होते. १९४२ मध्ये मुंबईला भरती झाले, १९४४ ला आसाम आणि इंफाळच्या बाजूला होते, आणि १९४६ च्या दाखल्यावर त्यांचा दर्जा कॉर्पोरल लिहिलेला आहे. सुटल्यावर ते परळच्या एका कारखान्यात लागले, पण तिथे त्यांचे मन रमले नाही. १९४८ च्या सुरुवातीला परत गेले. या दुसऱ्या भरतीचा एक किस्सा ते स्वतः सांगत. स्टोअरमधून नवा ड्रेस मिळाला, दर्जीकडून रिबने शिवून घेतली, आणि पहिल्याच परेडला वॉरंट ऑफिसरने त्यांना रांगेतून बाहेर काढले. काकांना कळेना काय चुकले. चुकले होते ते असे: १९३९-४५ च्या स्टारच्या रिबनवर तीन सारखे पट्टे असतात, गडद निळा, लाल आणि फिकट निळा, म्हणजे आरमार, भूदल आणि हवाई दल. त्यातला गडद निळा छातीच्या मध्याकडे आणि फिकट निळा डाव्या खांद्याकडे यायला पाहिजे. दर्जीने ते उलटे शिवले होते. काकांना सगळ्यांसमोर कात्रीने टाके उसवावे लागले. वॉरंट ऑफिसर म्हणाला होता की दोन वर्षांत हा माणूस आपले स्वतःचे मेडल विसरला. काका हे सांगताना अजून लाल होत, आणि काकू हसून हसून डोळे पुसत.

फोटोत मी ते रिबन आधी पाहिले. डावीकडून गडद, मधला, फिकट, बरोबर शिवलेले. (आधी एक खात्री करून घेतली, फोटो उलटा छापलेला नाही ना. कोटाचा डावा पदर उजव्यावर आहे आणि रिबने डाव्या खिशावर आहेत, तेव्हा सुलटाच आहे. ज्यांना घरचे फोटो तपासायचे असतील त्यांनी हे आधी पाहावे. आणि एक, जुन्या काही फिल्मवर लाल रंग काळा येतो आणि निळा फिका, तेव्हा काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या रंगावर फार विसंबू नये.) त्याच्या शेजारी बर्मा स्टार, आणि शेवटी युद्धपदक, लाल-पांढरे-निळे. हे युद्धपदक ऑगस्ट १९४५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाही.

एकूण तीन रिबने. पण जे नाही तेही बोलते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे नोकरीत होते त्यांना स्वातंत्र्यपदक मिळाले, त्याचे रिबन केशरी, पांढरे आणि हिरवे. ते काकांच्या छातीवर नाही. बरोबरच आहे, त्या दिवशी ते परळला कारखान्यात होते. त्या रात्री गाड्यांच्या टपांवर बसून लोक गाणी म्हणत होते आणि आपण साध्या शर्टात उभे होतो, एवढेच त्यांचे स्वातंत्र्यदिनाचे वर्णन. जुना ड्रेस असता तर घातला असता असे ते म्हणत. म्हणजे नव्हताच. आमच्या परिचिताच्या म्हणण्याला पहिला धक्का इथे बसला.

दुसरा धक्का तीन पट्ट्यांचा. १९४६ चा दाखला कॉर्पोरलचा, म्हणजे दोन पट्ट्यांचा. जुना ड्रेस हौसेने घातला असता तर बाहीवर दोन पट्टे दिसले असते. तिसरा दुसऱ्या नोकरीत मिळाला असला पाहिजे. आणि मुकुट आहे, म्हणजे १९५० च्या बदलाच्या आधी. तेव्हा फोटो १९४८ ते १९४९ च्या दरम्यानचा. १९५१ हे चूक.

नातवाला मी हे सगळे टेलिफोनवर सांगितले. तो म्हणाला, तिसरा पट्टा खोटा नाही कशावरून? पोरगा हुशार आहे, आणि हवाई दलात त्याला हेच शिकवतात. दुसरे त्याने असे काढले की खांद्याखालचा गरुड उलटा आहे, त्याचे तोंड पाठीकडे आहे, तेव्हा शिवणाऱ्याला नियम माहीत नसावा. त्यावर मात्र मी त्याला गप्प केले. इंग्लिश हवाई दलाच्या साध्या एअरमनच्या दोन्ही बाह्यांवर गरुड असतो, जोडीने बनवलेला, आणि दोन्ही पक्ष्यांची तोंडे मागेच पाहिजेत. तो पक्षी गरुड की आल्बॅट्रॉस यावर त्या लोकांत वर्षानुवर्षे भांडणे चालली, पण तोंड कुठे यावर नाही. काकांचा पक्षी बरोबर बसला होता.

तिसऱ्या पट्ट्यासाठी अश्दोदला माझ्या चुलतबहिणीकडे गेलो. काकूंच्या सामानातला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तिच्याकडे होता, त्यात बटणे, सुया, हुक. ती म्हणाली, दादा, यात काही नाही, मुलांनी शंभरदा उपडा केला आहे. आम्ही एकशे एकाव्यांदा उपडा केला. बटणांत दोन पितळी निघाली, एकावर मुकुट आणि एकावर सिंह. दोन्ही तिने एकाच दोऱ्यात ओवून ठेवली होती. तळाशी कागदाच्या पुडीत एक मेडल होते. लाल रिबन, त्यावर पाच बारीक हिरव्या रेघा, आणि वर जम्मू-काश्मीर १९४७-४८ ची पट्टी.

हे जनरल सर्व्हिस मेडल १९४७. ते सुरू झाले १९५० मध्ये, म्हणून फोटोत त्याचे रिबन नाही. १९४७ च्या २७ ऑक्टोबरला डाकोटा विमानांनी पहिली शीख पलटण श्रीनगरला उतरवली, तिथून हवाई दलाचे हे काम सुरू झाले. पुढे १९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला डाकोटा उतरवली, साडेदहा हजार फुटांहून उंच वाळूच्या पट्टीवर. काका त्या विमानात नव्हते, पण डाकोटांच्या इंजिनांवर काम करत होते, आणि थंडीत पाना बोटांना चिकटे असे सांगत. भारतीय मेडलच्या कडेवर माणसाचे नाव कोरलेले असते. भिंग लावून मी आणि बहिणीने वाचले. नाव काकांचे. आणि नावाच्या आधी: सार्जंट.

बहीण रडायला लागली. मला वाटते मेडलपेक्षा बटणे पाहून.

काकूंनी १९५१ का लिहिले तेही मग बहिणीनेच सांगितले. ते त्यांच्या लग्नाचे साल. लग्नानंतर काकांनी तो फोटो त्यांना दिला, आणि मिळाला ते साल त्यांनी मागे लिहिले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १९५० नंतर रिबनांची रांगही बदलली. आधी स्वतंत्र भारताची पदके, मग इंग्रजांच्या वेळची. मोठ्या माणसांनाही हे चुकले नाही. फील्ड मार्शल माणेकशांना १९४२ मध्ये ब्रह्मदेशात मिळालेला मिलिटरी क्रॉस त्यांच्या छातीवर भारताच्या पदकांच्या मागे असे. हवाई दलाचे मार्शल अर्जनसिंग यांना माऊंटबॅटननी १९४४ मध्ये डी.एफ.सी. दिला होता, तोही तसाच. मेडल कोणाचे हिरावले नाही, फक्त जागा बदलली. काकांनाही आपली रिबने उसवून पुन्हा लावावी लागली असणार, या वेळी आधी लाल-हिरवे.

इस्रायलला काका १९६५ मध्ये आले, आपल्या समाजाचा लढा संपून क्नेसेटने ठराव केल्याच्या पुढल्या वर्षी. सहा दिवसांच्या युद्धात वय झालेले म्हणून त्यांना हगामध्ये घेतले. साधा खाकी शर्ट, त्यावर काही नाही. आपण दोन लढाया पाहिल्या आहेत हे त्यांनी तिथे कोणाला सांगितले की नाही मला माहीत नाही. या देशाच्या हवाई दलाची सुरुवातही अशाच परक्या देशांतून आलेल्या माणसांनी झाली. १९४८ च्या पहिल्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये, १०१ मध्ये, इंग्लंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, अमेरिका असे कुठकुठले वैमानिक होते. धड गणवेश नव्हता, तर त्यांनी लाल टोप्या घातल्या आणि तीच त्यांची खूण झाली. एझर वाइझमन त्यांतलेच, इंग्लिश हवाई दलातून शिकून आलेले, काही काळ भारतातही राहिलेले, पुढे दलाचे प्रमुख आणि मग राष्ट्राध्यक्ष. बेर शेवाच्या एखाद्या सिनेगॉगच्या पायरीवर त्यांची आणि काकांची गाठ पडली असती तर दोघांना बोलायला विषय होता.

दर वर्षी ९ मेला आमच्या रस्त्यावरून रशियन म्हातारे जातात. कोटाच्या दोन्ही बाजूंना मेडले, चालताना खुळखुळ वाजतात. आता थोडेच उरले आहेत, काहींना नातवंडे खुर्चीतून ढकलत नेतात. आपल्या लोकांनी मात्र डब्यांत ठेवली. ज्यांना वाडवडिलांची मेडले कधी लावावीशी वाटतील त्यांच्यासाठी इंग्रजांकडची रीत सांगतो: स्वतःची डाव्या छातीवर, वडिलांची किंवा काकांची उजव्या. डावीकडे लावली तर ती आपणच मिळवली असा अर्थ होतो.

फोटो परत सभागृहात लागला आहे. खालची चिठ्ठी आता नातवाने हिब्रूत आणि मी मराठीत लिहिली आहे: "सार्जंट, रॉयल इंडियन एअर फोर्स, दुसऱ्यांदा भरती, १९४८-४९. मुंबई." आमचे ते परिचित परवा येऊन वाचून गेले. म्हणाले, चिठ्ठी ठीक आहे, पण काकूंचे १९५१ खोडू नका, ते पाठीवर राहू द्या. मी खोडलेले नाही.